कॅन्सरच्या रुग्णाच्या पेशी इंटरफेरॉन किती बनवतात हे मोजून नक्की काय कळतं?

सायली_र

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा उजेड पाडावा म्हणून धागा काढतेय.

बाबांना लिम्फोमा आहे, केमो चालू आहे. पुढचं औषध सुरू करण्याआधी सुप्त क्षयरोग नाही ना हे बघायला क्वांटिफेरॉन नावाची रक्तचाचणी सांगितली होती. रिपोर्ट पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्ह पण नाही. 'इनडिटरमिनेट'! आकडे असे आहेत: निल ०.०४, टीबी-१ ०.०५, टीबी-२ ०.०४, मायटोजेन ०.२१. आणि खाली बारीक अक्षरात 'मायटोजेनला प्रतिसाद अपुरा'.

शोधाशोध केल्यावर एवढं समजलं की मायटोजेनच्या नळीत प्रतिकारक पेशींना मुद्दाम चेतवतात आणि त्या इंटरफेरॉन गॅमा (या पेशी सोडतात ते एक प्रथिन) किती बनवतात ते मोजतात. म्हणजे बाबांच्या पेशी ते बनवतच नाहीत का? प्रतिकारशक्ती संपली असं समजायचं? डॉक्टर म्हणाले "पुन्हा करू, काळजी करू नका", आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. भाऊ म्हणतो 'एनके अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणून वेगळी चाचणी असते (एनके म्हणजे 'नॅचरल किलर', प्रतिकारक पेशींचा एक प्रकार), तीत पण इंटरफेरॉनच मोजतात, ती करून टाकू म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. करावी का?

अर्धवटराव

वाचतोय. माझ्या डोक्यावरून जाणार हे नक्की, पण वाचतोय.

एलायझाबाई

सायली, आधी एक दीर्घ श्वास घे. मी लॅबमध्ये याच नळ्या रोज हाताळते, तेव्हा आमच्या बाजूने काय काय होऊ शकतं ते सांगते.

चार नळ्या असतात, प्रत्येकीत साधारण १ मिली रक्त. निल म्हणजे काहीच न घातलेली. टीबीच्या दोन नळ्यांत जंतूच्या प्रथिनांचे तुकडे. चौथीत मायटोजेन, म्हणजे टी पेशींची (प्रतिकारक पेशींचा एक प्रकार) ओळखपाळख न बघता सरसकट सगळ्यांना उठवणारं द्रव्य. हे सगळं नळीच्या आतल्या भिंतीला सुकवून लावलेलं असतं. म्हणून रक्त घेतल्यावर नळी दहा वेळा वरखाली करायची, आतली सगळी भिंत रक्ताने माखली पाहिजे. कमी हलवली तर द्रव्य नीट मिसळत नाही, आणि राग काढल्यासारखी हलवली तर निलचाच आकडा वर जातो. मग ३७ अंशाला १६ ते २४ तास. त्यानंतर प्लाझ्मा काढून त्यात इंटरफेरॉन गॅमा किती उतरलंय ते एलायझाने (प्रतिपिंडं वापरून प्रथिन मोजायची पद्धत) मोजायचं.

टीबीच्या नळीतून निल वजा करून ०.३५ किंवा जास्त आलं (आणि निलच्या मानाने पुरेसं जास्त असलं) तर पॉझिटिव्ह. टीबीच्या नळ्या गप्प असतील तर मायटोजेन वजा निल किमान ०.५ हवं. तुझ्या बाबांचं ०.१७ येतंय. याचा अर्थ इतकाच की टीबीच्या नळ्या शांत आहेत, पण ती शांतता खरी मानायची की नाही हे यंत्राला ठरवता येत नाही.

आता विचार, रक्त काढल्यापासून नळ्या इन्क्युबेटरमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला? कुणी या नळ्यांमधलं रक्त फ्रिजमध्ये ठेवलं होतं का? नळीवरच्या काळ्या खुणेपर्यंत रक्त होतं का? रिपोर्टवर यातलं काहीही छापून येत नाही.

खडूस

वा. म्हणजे नळी फ्रिजमध्ये ठेवणार लॅब आणि प्रतिकारशक्ती गेली म्हणून रडणार पेशंट.

एलायझाबाई

खडूस, प्रत्येक वेळी लॅबच दोषी नसते हो. पण असं होतंच नाही असं म्हणणार नाही.

रात्रपाळी

रक्तविकार विभागात निवासी डॉक्टर आहे. बाईंनी नळीची बाजू नीट सांगितली. आता पेशंटची बाजू.

सायली, दोन गोष्टी सांग. सीबीसीमध्ये अ‍ॅब्सोल्यूट लिम्फोसाइट काउंट (टी आणि एनके पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींची संख्या) किती होता? आणि रक्त घेतलं त्या दिवसांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं का? लिम्फोमाच्या बऱ्याच केमोत प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला पाच दिवस ते मोठ्या डोसमध्ये असतं.

विचारायचं कारण: ही चाचणी अख्ख्या रक्तावर होते. १ मिली रक्तात किती लिम्फोसाइट आहेत हे ती बघत नाही. प्रौढ माणसात साधारण १००० ते ४००० दर मायक्रोलिटर असतात. केमोने ते ३०० वर आले तर उरलेली प्रत्येक पेशी आपलं काम चोख करत असली तरी एकूण इंटरफेरॉन कमीच भरणार. स्टेरॉइड तर पेशींची संख्याही पाडतं आणि उरलेल्यांचं इंटरफेरॉन बनवणंही दाबतं. त्यामुळे ०.१७ या एका आकड्यात पेशी कमी, पेशी दबलेल्या आणि नळी बिघडलेली अशा तीन शक्यता एकत्र आहेत, आणि नुसता आकडा बघून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

सायली_र

काउंट शोधला, ४०० लिहिलाय. आणि हो, त्या आठवड्यात गोळ्या चालू होत्या. हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

तिरकस

म्हणजे झोपलेल्या माणसांच्या खोलीत जाऊन सगळ्यांना एकदम चिमटा काढायचा आणि दाराबाहेर उभं राहून आवाज मोजायचा. आवाज कमी आला, तर खोलीत माणसंच कमी, की त्यांना गुंगीचं औषध दिलंय, की चिमटा नीट बसला नाही, ते कळायला मार्ग नाही. बरोबर?

रात्रपाळी

बरोबर. हे वॉर्डात सांगायला वापरणार, हरकत नसेल तर.

मृण्मयी

बावळट प्रश्न असेल, पण चिमटा काढायचाच कशाला? रक्तात असलेलं इंटरफेरॉन थेट मोजता येत नाही?

ठिपकेवाली

मृण्मयी, अजिबात बावळट नाही, याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी. इंटरफेरॉन गॅमा हा पेशींनी शेजारच्या पेशींसाठी सोडलेला निरोप आहे. तो जिथे सुटतो तिथेच बराचसा वापरला जातो, रक्तात आलेलाही लवकर नाहीसा होतो. मोठा संसर्ग किंवा कार-टी उपचारांनंतरचं (यात रुग्णाच्याच टी पेशी लॅबमध्ये बदलून परत देतात) सायटोकाइनचं, म्हणजे अशा निरोप्या प्रथिनांचं, वादळ असं काही नसेल तर सीरममध्ये तो नेहमीच्या किटने जेमतेम दिसतो. म्हणून 'आत्ता किती आहे' यापेक्षा 'चेतवलं तर किती बनवता येतं' हे विचारावं लागतं.

मी कॅन्सरच्या लसींवर काम करणाऱ्या गटात एलिस्पॉट करते (आयडीवरून कळलंच असेल). रात्रपाळींनी म्हटलेली पेशींच्या संख्येची अडचण या पद्धतीत बरीचशी सुटते. रक्तातून एककेंद्रकी पेशी, म्हणजे लिम्फोसाइट आणि मोनोसाइट, फायकॉल नावाच्या दाट द्रवाच्या थरावर वेगळ्या करायच्या आणि मोजून तेवढ्याच प्रत्येक खाच्यात टाकायच्या, आम्ही साधारण दोन लाख टाकतो. खाच्याच्या तळाच्या पडद्यावर इंटरफेरॉन पकडणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवलेली असतात. पेशी रात्रभर तिथे बसते, जे स्रवते ते तिच्याच बुडाखाली पकडलं जातं. सकाळी पेशी धुऊन टाकायच्या, रंग चढवायचा. जिथे पेशी बसली होती तिथे गोल ठिपका उमटतो, मध्ये गडद आणि कडेला विरत गेलेला. एक ठिपका म्हणजे एक स्रवणारी पेशी.

दिसायला फार सुंदर प्रकरण आहे आणि करायला महा कटकटीचं. रात्री कुणी इन्क्युबेटरचं दार जोरात लावलं की ठिपक्यांना शेपट्या फुटतात. प्लेटा एकावर एक रचल्या तर मधली सावकाश तापते आणि कडेच्या खाच्यांची गणती वेगळी येते. मायटोजेनच्या खाच्यात तर कित्येकदा ठिपके एकमेकांत मिसळून नुसता निळा चिखल होतो आणि यंत्र 'मोजता येत नाही' म्हणून मोकळं होतं. तिथे पेशी कमी टाकाव्या लागतात.

सायली, तुझ्या उपयोगाचं एवढंच की क्षयरोगासाठी याच तत्त्वावरची टी-स्पॉट नावाची चाचणी आहे. तीत खाच्यागणिक अडीच लाख पेशी मोजून टाकतात. ज्यांचे लिम्फोसाइट कमी आहेत त्यांच्यात तिचा विचार होऊ शकतो, डॉक्टरांना विचारून बघ. पण स्टेरॉइडने दबलेली पेशी तिथेही दबलेलीच असणार.

फ्लोवाला

ठिपकेवाली ताईंचा पूर्ण आदर राखून: ठिपका कुणाचा ते कुठे कळतं? सीडी४ चा, सीडी८ चा (पृष्ठभागावरच्या खुणेवरून ओळखायचे टी पेशींचे दोन प्रकार), की एनके पेशीचा? कॅन्सरमध्ये तोच तर खरा प्रश्न आहे. आम्ही ब्रेफेल्डिन घालून पेशीचं बाहेर पाठवण्याचं दार बंद करतो, इंटरफेरॉन आतच साठतं, मग पेशी भोकं पाडून आतून रंगवायची आणि फ्लो सायटोमीटरवर पेशीगणिक वाचायची. सोबत टीएनएफ आणि आयएल-२ हे पेशींचे दुसरे निरोपही दिसतात.

आणि हे सोबतचं महत्त्वाचं आहे. सतत लढून थकलेली टी पेशी एकदम गप्प होत नाही. आधी आयएल-२ जातं, मग टीएनएफ, आणि इंटरफेरॉन गॅमा बहुधा सगळ्यात शेवटी. म्हणजे नुसतं इंटरफेरॉन मोजून 'पेशी ठणठणीत' म्हणालात तर अर्धी थकलेली पेशीही त्यात धरली जाते.

ठिपकेवाली

फ्लोवाले, मान्य. पण तुम्ही पीएमए आणि आयनोमायसिनने चेतवता तेव्हा पेशीच्या पृष्ठभागावरचं सीडी४ गायब होतं, मग 'कुणाचा' ते तुम्ही तरी कसं सांगता? :) आणि दहा हजारांत एखादीच पेशी उत्तर देत असेल तर तुमच्या आलेखावर ती धुळीत हरवते. माझ्याकडे तिचा ठिपका दिसतो.

फ्लोवाला

सीडी३ (सगळ्या टी पेशींवरची खूण) धन, सीडी८ ऋण म्हणून सांगतो. :) दुर्मिळ पेशींचं मात्र मान्य.

खडूस

घ्या, दोन यंत्रांची भांडणं लागली. पेशंट राहिला बाजूला.

जागरूक

मला वाटतं डॉक्टर मंडळी उगाच हात झटकतायत. एनके पेशी कॅन्सर मारतात हे काही गुपित नाही. जपानमधला अभ्यास २००० साली लॅन्सेटमध्ये आला होता, साडेतीन हजारांहून जास्त माणसं, ११ वर्षं पाठपुरावा. ज्यांच्या एनके पेशी सुस्त त्यांना कॅन्सर जास्त झाला. मग आज १ मिली रक्तात एनकेचं इंटरफेरॉन मोजणारी चाचणी आली आहे तर ती प्रत्येक रुग्णाची दर महिन्याला का करू नये? सायलीताईंच्या भावाचं म्हणणं योग्य आहे.

रात्रपाळी

जागरूक, अभ्यास खरा आहे, पण तो काय सांगतो ते नीट बघू. ती सर्वसामान्य वस्तीतली माणसं होती, कॅन्सरचे रुग्ण नव्हेत. आणि तिथे इंटरफेरॉन मोजलंच नव्हतं. के५६२ नावाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी एनके किती मारतात ते मोजलं होतं. मारणं आणि इंटरफेरॉन सोडणं ही एकाच पेशीची दोन कामं आहेत, ती नेहमी जोडीने वरखाली होतात असं नाही. निरोगी माणसांत पुढे होणाऱ्या कॅन्सरच्या शक्यतेशी जोडलेली गोष्ट उचलून, केमो घेणाऱ्या माणसाच्या या महिन्याच्या तब्येतीला लावता येत नाही.

माझा दुसरा प्रश्न जास्त साधा आहे. आकडा कमी आला तर तुम्ही करणार काय? लिम्फोमाची केमो बदलणार? ठरलेली फेरी पुढे ढकलणार? ज्या आकड्याने माझा एकही निर्णय बदलत नाही, तो दर महिन्याला घेऊन मी घरच्यांना फक्त घाबरवेन.

जागरूक

निर्णय बदलत नाहीत कारण मोजतच नाही. मोजलं तर कधीतरी बदलतील. कोंबडी आधी की अंडं?

रात्रपाळी

अभ्यासात मोजा की, माझी ना नाही. मोजतातही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर एनके पेशींचं इंटरफेरॉन गॅमा एकदम कोसळतं आणि कित्येक आठवडे सावरत नाही, हे अशाच चाचणीने दिसलंय. त्या काळात उरल्यासुरल्या पेशींना मोकळं रान मिळतं का, ती घसरण थांबवता येईल का, हे प्रश्न फार मोलाचे आहेत. पण ते संशोधनाचे प्रश्न आहेत. सायलीच्या बाबांच्या रिपोर्टवर त्यांचं उत्तर छापून येणार नाही.

अर्धवटराव

एक शंका. इंटरफेरॉन कमी पडतंय ना? मग बाहेरून टोचून का देत नाहीत? औषध म्हणून मिळतं असं ऐकलंय.

जुनापुराणा

अर्धवटराव, तो प्रयोग होऊन गेलाय, आमच्या उमेदीतच. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी इंटरफेरॉन शोधलं ते विषाणूंच्या संदर्भात. पुढे कॅन्सरवर रामबाण म्हणून त्याचा एवढा गाजावाजा झाला की विचारू नका. १९८६ मध्ये अमेरिकेत हेअरी सेल ल्युकेमियासाठी अल्फा प्रकाराला मान्यता मिळाली, नंतर मेलानोमातही (त्वचेचा एक कॅन्सर) वापरलं. काहींना गुण आला. पण ताप, अंगदुखी, गळून जाणं, कित्येकांना नैराश्य. माणूस कॅन्सरपेक्षा इंजेक्शनाला जास्त वैतागायचा. पुढे चांगली औषधं आली आणि ते बहुतेक ठिकाणी मागे पडलं.

आणि ते अल्फा होतं. इथे चर्चा गॅमाची चालू आहे. नाव सारखं, पण घराणं वेगळं.

ठिपकेवाली

जुनापुराणा काकांना अनुमोदन. त्यात भर एवढीच की गॅमा दुधारी आहे. तो गाठीच्या पेशींना 'आपली ओळख दाखवा' म्हणून भाग पाडतो, हे चांगलं. पण त्याच इशाऱ्यावर गाठीच्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन अंगावर चढवतात आणि टी पेशींवरच्या पीडी-१ ला धरून त्यांना थोपवतात. म्हणजे गाठीत इंटरफेरॉन भरपूर म्हणून रुग्णाचं भलंच होईल, असं सरळ समीकरण नाही. तरी गाठीत गॅमाच्या खुणा असणाऱ्यांना पीडी-१ रोखणारी औषधं जास्त लागू पडतात असं दिसतं, कारण तिथे टी पेशी निदान पोचलेल्या तरी असतात.

मृण्मयी

थांबा, मग रक्तातल्या पेशींचं मोजून गाठीत काय चाललंय ते कसं कळणार?

फ्लोवाला

थेट कळतच नाही. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के कुठल्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या लसीका ग्रंथी, प्लीहा, आतडी, अस्थिमज्जा इथे. गाठीत घुसलेल्या पेशी तर आणखी वेगळ्या. रक्तातल्या पेशी मायटोजेनला झकास उत्तर देतायत आणि गाठीतल्या गप्प आहेत, असं सहज असू शकतं. म्हणून लसींच्या चाचण्यांत सरसकट चेतवण्यापेक्षा गाठीच्याच प्रथिनांचे तुकडे घालून विचारतात. मायटोजेनचा खाचा फक्त पेशी जिवंत आहेत ना हे बघायला ठेवतात.

आणखी एक बाजू राहिली. आपण सगळे इंटरफेरॉन बनवण्याबद्दल बोलतोय. ते मिळाल्यावर पेशी ऐकते का, हा वेगळाच मामला. २००९ मध्ये स्तनाचा कॅन्सर, मेलानोमा आणि पचनमार्गाचे कॅन्सर असलेल्यांच्या लिम्फोसाइटना इंटरफेरॉन देऊन पाहिलं, तर पेशीच्या आत इंटरफेरॉनचा निरोप पोचवणारा स्टॅट१ चा इशारा निरोगी माणसांपेक्षा मंद निघाला. २०१६ मध्ये मेलानोमाच्या काही रुग्णांत इम्युनोथेरपी आधी लागू पडून नंतर निकामी झाली, तेव्हा दोघांच्या गाठींत जॅक१ किंवा जॅक२ ही निरोप ऐकण्यासाठी लागणारी जनुकं बिघडलेली सापडली. टी पेशी ओरडत असतील नसतील, गाठ बहिरी झाली होती. ते तुमच्या कुठल्याच नळीत दिसलं नसतं.

तिरकस

माझ्या चिमट्याच्या खोलीत आता बहिरी माणसंही आली. चालू द्या.

जागरूक

एवढं सगळं असेल तर मग या मोजण्याला अर्थच नाही असं म्हणा की सरळ.

ठिपकेवाली

नाही, तसं अजिबात नाही. एकाच माणसाचं, एकाच पद्धतीने, उपचारांच्या आधी आणि नंतर मोजलं तर फार काही कळतं. लस टोचण्याआधी शून्य ठिपके आणि नंतर तिच्याच तुकड्यांना भरपूर, यात शंकेला जागा राहत नाही. कार-टी पेशी रुग्णाला देण्याआधी त्या लक्ष्य ओळखून इंटरफेरॉन सोडतात का हे बघतात, तेही याच जातीचं मोजमाप. घोळ होतो तो दोन माणसांचे किंवा दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवले की. लसींवर काम करणाऱ्या कितीतरी लॅबना पूर्वी एकाच दात्यांच्या पेशी वाटून एलिस्पॉट करायला सांगितलं होतं. आकडे इतके पसरले की ज्या दात्याचा प्रतिसाद कमी होता तो अनेकांना दिसलाच नाही. मग गोठवलेल्या पेशींना वितळल्यावर विश्रांती द्या, मोजताना मेलेल्या पेशी वगळा, सीरम आधी तपासून घ्या, असे साधे नियम घालून दिल्यावर फरक कमी झाला. मेलेल्या पेशी धरून दोन लाख मोजणाऱ्याचं उत्तर चुकणारच ना?

सायली_र

सगळ्यांचे खूप आभार. इथले मुद्दे कागदावर लिहून डॉक्टरांकडे नेले. या वेळी ते नीट बोलले. म्हणाले, काउंट आणि स्टेरॉइड बघता मायटोजेन कमी येणं त्यांना अपेक्षितच होतं. याला ते 'प्रतिकारशक्ती संपली' म्हणणार नाहीत, पण क्षयरोग नाही असंही म्हणणार नाहीत. छातीचा फोटो काढलाय. जुन्या आजारांची, घरात कुणाला टीबी होता का याची चौकशी केली. (आजीला होता, बाबा लहान असताना. हे पहिल्या फॉर्मवर कुणी लिहिलंच नव्हतं.) गोळ्यांचे दिवस टाळून पुढच्या फेरीच्या आधी पुन्हा रक्त घेणार, आणि टी-स्पॉटचंही बघतो म्हणाले. एनकेची चाचणी नको म्हणाले. भाऊ थोडा नाराज आहे.

रात्रपाळी

आजीचा टीबी ही या अख्ख्या धाग्यातली सगळ्यात कामाची माहिती आहे. रिपोर्ट पुन्हा इनडिटरमिनेट आला तरी त्या एका ओळीवर निर्णय होऊ शकतो.

मृण्मयी

रक्त सकाळी देणं बरं की संध्याकाळी? स्टेरॉइडने दबतं म्हणालात, मग शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पण सकाळी जास्त असतं ना?

फ्लोवाला

छान प्रश्न. चेतवलेल्या रक्तातलं इंटरफेरॉन गॅमा दिवसभरात बदलतं हे खरं, रात्री जास्त आणि सकाळी कॉर्टिसॉल चढलेलं असताना कमी. आम्ही अभ्यासात सगळ्यांचं रक्त ठराविक वेळेलाच घेतो ते त्यासाठीच. पण प्रेडनिसोलोनच्या मोठ्या डोसपुढे हा फरक किरकोळ. सायली, वेळेचा विचार करू नकोस, लॅब उघडी असेल आणि नळ्या लगेच इन्क्युबेटरमध्ये जातील अशी वेळ निवड.

एलायझाबाई

+१. शनिवारी दुपारी रक्त देऊ नका, बहुतेक लॅबमध्ये ते सोमवारपर्यंत कुणी बघत नाही. आणि टी-स्पॉटसाठी जाणार असाल तर विचारून घ्या की नमुना हेपारिनच्या नळीत घेणार ना. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय टी पेशी नीट चेतत नाहीत. सीबीसीची जांभळ्या बुचाची नळी त्यासाठी पुढे केली तर तिथेच थांबवा.

अर्धवटराव

जांभळं बूच नको. एवढं मात्र माझ्याही डोक्यात राहिलं.